जाळ्याच्या दोऱ्याचा करदोडा

मी तरुण असतानाची गोष्ट आहे. तरुण म्हणजे त्रेपन्न वर्षांची. आज गुडघ्यांना तेल चोळत बसलेल्या बाईला त्रेपन्न हे तारुण्यच वाटतं, आणि अकलेच्या मानानं पाहिलं तर मी तेव्हा जेमतेम अठराची असेन.

झालं असं की मुलाचं लग्न झालं, मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि भद्रावतीच्या फॅक्टरीच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो. यजमान ड्युटीवर गेले की मी खिडकीपासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून फाटकापर्यंत येरझारा घालायची. एके दिवशी ते वैतागून म्हणाले, "तू कॉलेजात काऊन नाई जात? तिथी चकरा माराले मैदान तरी मोठं आहे." ते थट्टा करत होते. मी मात्र आठवड्याच्या आत चंद्रपूरच्या एका कॉलेजात समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. बारावी लग्नाआधीच झालेली होती. मधल्या चौतीस वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र करताना टायपिस्टनं विचारलं, "एवढी वर्षं काय केलं म्हणून लिहू?" मी म्हटलं, "स्वयंपाक." त्यानं "घरगुती अडचणी" असं टाइप केलं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमचं सेवा-शिबिर निघालं. आठ दिवस, गडचिरोली जिल्ह्यातला एक लहान मुलांचा दवाखाना. चौदा पोरंपोरी, एक सर आणि एक मी. पोरं मला काकू म्हणत. मागच्या बाकावरून कुणी "काकूले विचार, काकू त्या काळात होती" असंही म्हणे, इतिहासाचा तास असला की. एसटीत पोरांच्या पिशव्यांमध्ये फुगे होते, रंगीत कागद होते, कापडी बाहुल्या होत्या. माझ्या पिशवीत बाळंतशोपा, जायफळ, तिळाचं तेल आणि देवळासमोरच्या दुकानातून घेतलेले डझनभर रेशमी करदोडे. काळ्या-लाल पिळाचे, टोकाला गोंडा. गरिबाच्या लेकरांना होतील म्हणून. दोन पोरं वाढवली होती मी. सगळ्या जगाची लेकरं त्याच मापानं वाढतात अशी माझी पक्की समजूत होती.

वैनगंगा ओलांडून पुढे दोन तास गेल्यावर दवाखाना आला. आम्हाला दिलेला वॉर्ड होता वाळलेल्या लेकरांचा. कुपोषित हा शब्द मी परीक्षेत पुष्कळदा लिहिला होता. खाटेवर तो फार लहान दिसतो. वॉर्डाची सिस्टर माझ्या खांद्याएवढी होती आणि तिचा आवाज छपराएवढा. तिनं पहिल्यांदा फुग्यांची पिशवी ताब्यात घेतली.

"हे आत नाई आणायचे. फुटले की लेकरं दचकतात, आन् तुकडे तोंडात घालतात." मग आम्हा पंधरा जणांना भिंतीशी उभं करून तिनं सांगितलं, "इथी चौदा दिवस ठेवावं लागते. दर दोन घंट्यानं दूध, खिचडी, औषध. सातव्या-आठव्या दिवशी लेकरू हसाले लागते. मायले वाटते झालं बरं, आन् ती न सांगता चालली जाते. तसं गेलेलं लेकरू परत येते तवा पहिल्यापेक्षा वाईट होऊन येते. एखादं येतच नाई. तुमचं नाचगाणं मले नाई पाहिजे. मायले इथी रमवा, तेवढंच काम."

पोरांचे चेहरे पडले. मी मात्र मनातल्या मनात पदर खोचला. मायांना रमवणं म्हणजे माझ्याच हातचं काम.

खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती, सव्वा-दीड वर्षाची. अंगावर कातडी सैल, डोळे मोठे, आणि रडणं असं बारीक की शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये. तिची आई बावीस-तेवीसची असेल. तळ्यावर मासे धरणारं घर, थोडा धान, बाकी मजुरी. घरी चार वर्षांचा मुलगा सासूजवळ ठेवून आलेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला तिथे तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत ती खाटेवर टेकून बसली असेल असं मला वाटत नाही. खाटेच्या कडेला बसायची, पाय जमिनीवर, अंगठा सारखा हलत. दर थोड्या वेळानं नजर दाराकडे, मग खिडकीतल्या उन्हाकडे. धान चुरायचे, मळणीचे दिवस होते. ऊन वर चढलं की तिचा जीव खळ्यात जाई, हे तिनं न सांगताही कळत होतं. मी स्वतः आयुष्यभर खिडकी ते फाटक केलेली बाई. ही चुळबूळ मी ओळखली. ओळखली आणि तिच्यावर माझा इलाज सुरू केला.

इलाज म्हणजे बडबड. माझा मुलगा लहानपणी काय खायचा, मुलीला दात कधी आले, मी तिला कशी मालिश करायची. ती प्रत्येक वाक्यावर "हो जी" म्हणे. मला वाटे, काय रमलीय.

आमच्यात एक नखं खाणारी मुलगी होती. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता. तिनं दुसऱ्या दिवशी त्या आईला एवढंच विचारलं, "जाळ्याची गाठ कशी मारता जी?" बस. आईनं पिशवीतून दोऱ्याचा गुंडा काढला आणि दोघी तासभर डोकं जोडून बसल्या. मला जरा झोंबलंच. मी दात येण्यापासून मालिशीपर्यंत सगळं सांगून टाकलं होतं आणि ही पोरगी एका गाठीवर पुढे गेली.

रोज सकाळी वजन व्हायचं. सिस्टर लेकराला काट्यात ठेवे, दंडाभोवती लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची पट्टी लावून पाही, आणि म्हणे, "वाढलं बरं थोडंसं." इतर आया काट्याकडे बघत. ही बघत नसे. ती पोरीचं झबलं वर करून कमरेच्या करदोड्याखाली बोट घालून पाही. दोरा सैल होता, ढुंगणावर घसरलेला. ती तो वर ओढून ठेवी आणि पुन्हा दाराकडे बघू लागे. मी हे रोज पाहिलं. पाहिलं आणि त्यातून एवढाच निष्कर्ष काढला की करदोडा फार कळकट झालाय.

कळकट होताच. जाळं विणायच्या दोऱ्याचा होता तो. मातकट रंगाचा, जाड, एका अंगाला मोठी गाठ आणि गाठीपुढे बोटभर लांब सुटं टोक लोंबत. त्याला तळ्याचा वास होता. सैल असूनही घासून घासून त्यानं पोरीच्या कमरेखाली लाल रेघ पाडली होती.

चौथ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "बाई, लेकीले पाहाल? कपडे धुवून येतो." मला धन्य वाटलं. शेवटी माझ्याकडे सोपवली. मी कोमट पाणी आणलं, व्हरांड्यातल्या उन्हात पोरीला पुसून काढलं, तेल लावलं. ती माझ्या बोटाला धरून बसली. मग माझी नजर त्या दोऱ्यावर गेली, आणि पिशवीतले रेशमी करदोडे मला आठवले.

नखं खाणारी मुलगी जवळच वाट्या धूत होती. मी तिला म्हटलं, "तुमच्या कागद कापायच्या सामानातली कैची आण बरं."

"काऊन काकू?"

"हा घाणेरडा दोरा काढून टाकते. बघ कसा चट्टा पडून राह्यला."

ती कैची घेऊन आली पण हातात धरूनच उभी राहिली. "काकू, तिच्या बाबानं विणला आहे तो. एकदा विचारू का तिला?"

"त्यात काय विचाराचं? करदोडाच तर आहे. मी काय पोरीचं नाक कापून राह्यली?"

हे वाक्य मी आजही मनात म्हणून पाहते, तेव्हा माझे कान गरम होतात. मी दोरा कापला. कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवा करदोडा पोरीच्या कमरेला छान बसेल असा बांधला, ना सैल ना घट्ट, गोंडा समोर. पोरगी खरोखरच गोड दिसू लागली. मी तिला खाटेवर नेऊन बसवलं आणि शाबासकीची वाट पाहू लागले.

आई ओले कपडे खांद्यावर टाकून आली. तिनं लेकीकडे पाहिलं आणि जागीच थांबली. मग जवळ येऊन नव्या दोऱ्याखाली बोट घातलं. बोट पुरतं जाईना.

"कापला का जी, बाई?"

"हो. कापला न."

"आवळला होता?"

आता इथे जरा थांबून सांगते, कारण पुढचं सगळं या एका प्रश्नावर आहे. त्यांच्याकडे, आणि तसं पाहिलं तर आमच्याकडेही, लेकराचा करदोडा मधेच कापत नाहीत. लेकरू भरलं, दोरा कमरेला आवळू लागला, की घरातली मोठी बाई तो कापते आणि नवा बांधते. माझ्या आईनं माझ्या मुलांचे असेच कापले होते. मला हे माहीत होतं. पण त्या घडीला माझं सगळं लक्ष माझ्या गोंड्यावर होतं, आणि समोरच्या बाईचा चेहरा पहिल्यांदाच उजळत होता. तो मला विझवायचा नव्हता.

"हो न," मी म्हणाले. "चांगलाच आवळला होता."

ती हसली. मी पण हसले. तिनं ओले कपडे पिळून गाठोड्यात बांधायला घेतले. मला वाटलं, आवरून ठेवतेय. डबा धुतला, दोऱ्याचा गुंडा पिशवीत टाकला. मी मोठ्या समाधानानं चहा प्यायला गेले आणि तिथे आमच्या सरांना दहा मिनिटं ऐकवलं की आयांचा विश्वास कसा मिळवावा लागतो. सरांनी बिचाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं.

परत आले तर खाट रिकामी.

सिस्टर खाटेजवळ केसपेपर हातात घेऊन उभी होती. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "सातवा दिवस," ती म्हणाली. "बरोबर सातवा. तीन दिवसांचं औषध बाकी आहे. जुलाब आता कुठी थांबले. मले वाटे ही तरी राहीन. पण या बायका अशाच."

आमची पोरं माना हलवू लागली. मीही हलवली. हो, मीही. एखाद्या मिनिटाचा प्रश्न होता. मी गप्प राहिले असते तर दोष त्या बाईच्या नावावर कायमचा लिहिला गेला असता. मग माझं लक्ष नखं खाणाऱ्या मुलीकडे गेलं. ती नखं खात नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

"सिस्टर," मी म्हटलं, "तिचं नाई चुकलं. मी दोरा कापला."

मी सांगितलं सगळं. सिस्टरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आवळला होता म्हणून काऊन सांगतलं?" तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तिच्याकडची बस अडीचला आहे. पळा. तुमचं ऐकून गेली, तुमचंच ऐकून येईन आली तर."

मी पळाले. पण आधी कचऱ्याच्या डब्याकडे. केळीची सालं, कापसाचे बोळे, वाट्यांमधली खरवड, सगळं बाजूला सारून मी तो दोरा शोधला. कॉलेजात माझी हुशार विद्यार्थिनी म्हणून गणना होती, हेही इथे नोंदवून ठेवते. दोरा मुठीत धरला आणि नायलॉनच्या साडीत, एका पायातली चप्पल निसटते म्हणून हातात घेऊन, स्टँडपर्यंत धावले. रस्त्यातल्या सायकलवाल्यानं घंटी वाजवून मला वाट करून दिली. माझ्यामागे कोण लागलंय हे पाहायला तो मागे वळला आणि त्याला कुणीच दिसलं नाही.

बस निघाली होती. फाटकाशी वळताना मी दांडा पकडून चढले. कंडक्टर खेकसला, "बाई, मराचं आहे का? कुठी जाऊन राह्यल्या?"

"माहीत नाई."

"माहीत नाई या गावचं तिकीट नसते आमच्याकडे."

"ती जिथी उतरेल तिथी," मी बोटानं दाखवलं. तिसऱ्या बाकावर ती होती, गाठोडं पायाशी, पोर मांडीवर. पोरगी झोपली होती. माझ्या करदोड्याचा गोंडा झबल्याखालून लालभडक दिसत होता. आईनं मला पाहिलं आणि सरकून जागा दिली. तिला वाटलं, मी सोडायला आले.

मी बसले. श्वास घेतला. बोलायला तोंड उघडलं आणि आधी खोकला आला. बस खड्ड्यांतून चालली होती, दोन्ही बाजूला सागाची झाडं. मनात सारखं हेच: हिचं गाव लवकर येऊ नये.

"बाई," मी म्हणाले, "दोरा आवळला नव्हता. मी खोटं बोलली."

तिला समजलं नाही. मी मूठ उघडली. कापलेला दोरा, त्याला केळ्याचं साल चिकटलेलं. ती एकदा दोऱ्याकडे, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं तो घेतला, पदराला पुसला, आणि बोटांनी गाठ चाचपली. पोर हलवून आडवी केली, माझा करदोडा सोडून माझ्या मांडीवर ठेवला. दोऱ्याची मोठी गाठ नखानं सोडवली, मी कापलेली टोकं एकमेकांना जोडून गाठ मारली, आणि गाठीपुढच्या त्या सुट्या टोकातला दोरा घेऊन पुन्हा आधीच्या मापानं बांधला. सगळं धावत्या बसमध्ये, पोर न उठवता. जाळं फाटलं की असंच सांधत असतील. मग पोरीला तिनं बगलेत धरून सरळ उभं केलं.

दोरा घसरून मांड्यांवर गेला.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्याजवळ आला होता. तोही बघत राहिला आणि पुढे गेला.

ती बोलू लागली. बाहेर बघत, हळू आवाजात. "हिच्या आधी अजून एक पोरगं होतं. त्याले बी इथंच आणलं होतं. हसाले लागलं तर आम्ही घेऊन गेलो. डोळ्याले तर रोजच बरं दिसते जी. मग ते गेलं." तिनं पोरीचं झबलं खाली ओढलं. "यावेळेस हिच्या बापानं दोरा बांधून देल्ला. म्हणला, डोळ्याचं नको ऐकू, माझं नको ऐकू, माझ्या मायचं नको ऐकू. हा आवळला की ये."

मी मांडीवरचा गोंडा मुठीत दडवला.

"तुम्ही हो काऊन म्हणल्या?"

त्रेपन्न वर्षांची बाई, समाजकार्याचं दुसरं वर्ष. मी बरीच उत्तरं शोधली. सगळी चांगल्या मराठीत होती आणि एकही खरं नव्हतं.

"तू हसली म्हणून," मी म्हटलं. "मले वाटलं, मले चांगलं म्हणून राह्यली."

तिचा अंगठा चपलेत हलत होता, तसाच, वॉर्डातल्यासारखा. गाव आता जवळ असावं, कारण ती बाहेरची झाडं ओळखत असल्यासारखी पाहू लागली. चार वर्षांचा मुलगा, खळं, नवरा, सगळं दोन थांब्यांवर. मी तिला परत चल म्हणू शकले नाही. काय तोंडानं म्हणणार होते. हातातली चप्पल तेवढी पायात घातली.

एका फाट्यावर बस थांबली. कुणी म्हातारा उतरत होता. ती एकदम उठली, पोर माझ्या हातात दिली, गाठोडं उचललं आणि उतरली. मी मागोमाग. बस गेल्यावर तिनं रस्ता ओलांडला आणि दवाखान्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात त्या बाजूला उभी राहिली.

"एक सांगतो," ती म्हणाली. "आता तुम्हीबी जायचं नाई. हा आवळेपर्यंत तुम्हीबी इथंच."

मी हो म्हटलं. यावेळी हो म्हणण्याआधी पुरतं ऐकून घेतलं होतं.

काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही दोघी, पोर, दोन बकऱ्या आणि कापसाचं बोचकं असे परतलो. सिस्टर पायरीवरच उभी होती. आईला ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "दूध थंड झालं, चल." मला म्हणाली, "वाट्या साठल्या आहेत."

शिबिर संपलं. पोरं एसटीत बसली, खिडक्यांतून "काकू, पेपरात फोटो येईन तुमचा" असं ओरडली आणि गेली. नखं खाणारी मुलगी जाता जाता मला जाळ्याची गाठ शिकवून गेली. मला ती आजही येत नाही. मी यजमानांना फोन केला की अजून काही दिवस लागतील, वरणभात करून खा. ते म्हणाले, "म्हणजे चकरा माराले पाहिजे तशी जागा भेटली."

भेटली होती. खाटा ते मोरी, मोरी ते चूल, दर दोन तासांनी. पण त्या येरझाऱ्यांमध्ये डोळा एकाच ठिकाणी. सकाळी वजन झालं की आई झबलं वर करी, बोट घाली, आणि माझ्याकडे न बघता दोरा वर ओढून ठेवी. आधी तो मांडीवर घसरायचा. मग ढुंगणावर अडकू लागला. मग कमरेशीच राहू लागला, पण सैल. वॉर्डातल्या इतर आयांनाही कळलं होतं. एक म्हातारी, नातवाला घेऊन आलेली, रोज विचारायची, "का वो, सुटली का तुमची बाई?" म्हणजे मी. कैदी मी होते हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौदावा दिवस आला. सिस्टरनं केसपेपरवर लिहिलं आणि म्हणाली, "वजन पुरलं. औषधं झाली. उद्या जायचं तर जा."

माझं मन तिथेच गाठोडं बांधायला लागलं. घरी परीक्षेची पुस्तकं, उन्हात वाळत घातलेली मिरची, वरणभाताला कंटाळलेला नवरा. आई सिस्टरला म्हणाली, "अजून नाई जी." आणि करदोडा दाखवला. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे होतं ते हसू होतं की नाही, याची मी चौकशी केली नाही.

पंधरावा दिवस. सोळावा. मला झोप नीट लागेना, पाठ धरली, वाट्या घासून नखांत राख. सतराव्या दिवशी सकाळी आईनं पोरीला माझ्यासमोर उभं केलं. पोरगी आता स्वतःच्या पायांवर, खाटेचा दांडा धरून, दुडदुडत. "बाई, पाहा बरं," ती म्हणाली. "आवळला का?"

तीच खाट, तोच प्रश्न. आणि यावेळी माझ्याजवळ हो म्हणायला कारणं पण होती, ढीगभर. पोरगी गुबगुबीत दिसत होती. डोळ्याला तर अगदी बरी दिसत होती. दोन वाजता चंद्रपूरची बस होती.

मी बोट घातलं. कमरेशी दोरा टेकला होता, पण बोट गेलं. पुन्हा काढून घातलं. गेलं.

"नाई," मी म्हणाले. "अजून बोट जाते."

ती हसली. गोंडा पाहून हसली होती तसं नाही. दात दाखवून, खो खो, शेजारच्या म्हातारीला कोपरानं ढोसून. "पाह्य वो, बाई शिकली," ती म्हणाली. म्हातारी म्हणाली, "शिकाले आलीच होती न ते." सिस्टर तिकडून ओरडली, "काकू, खिचडी लागून राह्यली खाली." मी पळाले.

दोन दिवसांनी दोरा आवळला. हे मला आधी कळलं नाही, कारण तिनं मला विचारलंच नाही. आधी सिस्टरला विचारलं, मग म्हातारीला, मग झाडूवाल्या बाईला. तिघींनी बोट घालून सांगितलं. मग तिनं मला मोरीवरून बोलावलं आणि हातात कैची दिली. पोरं विसरून गेली होती, तीच.

"कापा," ती म्हणाली.

मी ओले हात पुसले. पोरगी स्थिर उभी राहीना. पाय आपटत होती, माझी वेणी ओढत होती. तिला म्हातारीनं धरलं. मी दोऱ्याखाली करंगळी घालून पाहिली. तीही जाईना. तरी कैची लावण्याआधी मी आईकडे बघून विचारलं, "कापू न?"

"हो म्हणलं न बाई," ती म्हणाली. "कापा लवकर. आमची बस जाईन."